प्रश्न लहान करण्याची विद्या

मुलांच्या ठिकाणी जिज्ञासा कशी उत्पन्न करावी, असा प्रश्न पालकसभांतून आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून वारंवार विचारला जातो, आणि त्यावर नाना उपायही सुचविले जातात. परंतु ज्याने चार वर्षांच्या मुलाबरोबर एखादी सकाळ घालविली असेल, त्याला हा प्रश्न मुळातच उलटा मांडलेला आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही. मुंग्या रांगेनेच का जातात, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, पाणी उकळायला लागण्याआधी आवाज का करते, आजीचे केस पांढरे आणि आपले काळे का, असे जे प्रश्न या वयात अखंड चालू असतात ते कोणी शिकविलेले नसतात. जिज्ञासा मूल घरूनच घेऊन येते. शाळेत तीन-चार वर्षे काढल्यावर ती क्षीण का होते, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न. आणि त्याचे उत्तर देताना आपण सहसा दटावणाऱ्या बापाकडे किंवा छडी उगारणाऱ्या गुरुजींकडे बोट दाखवितो. दटावण्याने जिज्ञासा मरते हे खरेच आहे. पण माझ्या मते तिची त्याहूनही मोठी हानी सज्जन, सुशिक्षित आणि मायाळू माणसे करीत असतात. कारण ती मुलाच्या प्रत्येक प्रश्नाला तत्काळ, एका वाक्यात, बरोबर उत्तर देऊन मोकळी होतात.

उत्तर बरोबर असते, आणि तेथेच प्रकरण मिटते. मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. आकाश निळे का, याचे उत्तर 'प्रकाशाच्या विकिरणामुळे' असे दिले, तर मुलाच्या पदरी एक अवघड शब्द पडतो आणि तो शब्द परीक्षेत लिहिला की गुण मिळतात एवढे त्याला पुढे कळते. परंतु आकाश सर्वत्र सारखेच निळे असते काय, क्षितिजाजवळचा रंग आणि माथ्यावरचा रंग यांत फरक असतो काय, पावसाच्या सरीनंतरचे आकाश आणि धुळीच्या एप्रिलातले आकाश यांत कोणते अधिक गडद, हे त्याने पाहिलेले नसते आणि पाहावे असे त्याला सुचतही नाही. मोठ्या प्रश्नापुढे मूल हतबल असते. तोच प्रश्न कापून, छाटून, स्वतःच्या डोळ्यांना दिसेल, हातांना मोजता येईल आणि वहीत लिहून ठेवता येईल एवढा लहान केला, की ते कामाला लागते. कुतूहल शिकवावे लागत नाही. प्रश्न लहान करण्याची ही विद्या मात्र शिकवावी लागते, आणि संशोधन म्हणून ज्याचा एवढा गौरव होतो त्याचा आरंभ येथेच आहे.

एक उदाहरण विलायतेतले आहे, आणि ते या गोष्टीचा इतका स्वच्छ दाखला आहे की येथे द्यावेसे वाटते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचे एक खेडे आहे. तेथील प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी लिहिलेला शोधनिबंध डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बो लॉटो हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक त्यांच्या सोबतीला होते. भुंगेवजा जाडजूड मधमाश्यांना विचार करता येतो काय, येथून मुलांची गाडी निघाली. पण 'विचार' मोजायचा कोणत्या मापाने? तेव्हा तो प्रश्न उतरत उतरत असा झाला की, गोड पाणी कोणत्या फुलात आहे हे माशीला केवळ फुलाच्या रंगावरून नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या फुलांचा रंग कोणता यावरून ओळखायला शिकता येते काय. चार तावदाने, प्रत्येकात सोळा गोल कृत्रिम फुले; मधली चार एका रंगाची आणि भोवतालची बारा दुसऱ्या; दोन तावदानांत रंगांची अदलाबदल. मधल्या फुलांत साखरेचे पाणी आणि भोवतालच्या फुलांत मिठाचे. माश्या शिकल्या, आणि सगळ्या माश्या एकाच रीतीने शिकल्या नाहीत, हेही मुलांनी टिपले. निबंधाची भाषा मुलांची होती, आकृत्या त्यांनीच रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या, आणि मागल्या ग्रंथांची यादी नव्हती. तरीही तज्ज्ञांनी तो स्वीकारला, कारण प्रश्न नेमका होता आणि त्याला दिलेले उत्तर त्या प्रश्नापुरतेच होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून शंभर वर्षांनी जुने आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या सलीम अली नावाच्या पोरक्या मुलाने १९०८ च्या सुमारास छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे हे त्याच्या ध्यानात आले. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोणती, आणि ती खाणे धर्माला संमत आहे काय, असे त्याने आपल्या मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, विचारले. मामा स्वतः शिकारी होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. पण ओळख त्यांना पटेना. या ठिकाणी त्यांनी जे केले ते प्रत्येक पालकाने नीट पाहण्यासारखे आहे. त्यांनी अंदाजाने काही ठोकून दिले नाही, 'चिमणी ती चिमणीच' म्हणून वाटेला लावले नाही. सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे एक परिचयपत्र लिहून मुलाच्या हाती दिले. बिचकत बिचकत, कागदात गुंडाळलेला पक्षी घेऊन, तो मुलगा त्या साहेबाकडे गेला. मिलर्डने ती गळ्यावर पिवळा डाग असलेली रानचिमणी असल्याचे सांगितले, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. कपाटांचे एकामागून एक खण उघडून त्याने भारतातील पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने मुलाला दाखविले, पुस्तके वाचायला दिली, आणि पक्ष्याची कातडी सोलून जतन कशी करावी व त्याची नोंद कशी ठेवावी हे शिकण्याची तजवीज करून दिली. नाव सांगणे एका क्षणाचे काम होते. खण उघडण्याला वेळ लागला असेल, आणि भारतीय पक्षिशास्त्राचे पुढले शतक त्या वेळाचे ऋणी आहे.

याच मुलाची याहून आधीची एक नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात एका चिमणीचे घरटे होते. मादी आत बसे आणि नर बाहेरच्या खुंटीवर पहारा करी. त्याने तो नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. सात दिवसांत त्याच जागी त्याने आठ नर मारले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे कृत्य निष्ठुर होते आणि आज कोणत्याही मुलाने त्याचे अनुकरण करू नये हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु त्या वयात त्याने जागा, दिवस आणि संख्या लिहून ठेवली, ही गोष्ट विसरता येत नाही. शिकार पुष्कळ मुलांनी केली असेल. नोंद एकाने केली.

आता शाळेकडे वळू. एक मूल आणि एक जाणता मिलर्ड यांची गाठ पडणे हा दैवयोग झाला. पण खेड्यातल्या सरकारी शाळेत, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, ज्या शिक्षकाने स्वतः कधी प्रयोग केलेला नाही अशा शिक्षकाच्या हातून, हे घडविता येते काय? या प्रश्नाचे आपल्या देशातले सर्वांत चिवट आणि सर्वांत प्रामाणिक उत्तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने दिले. १९७२ साली रसुलिया येथील मित्र मंडळ केंद्र आणि किशोर भारती या दोन संस्थांनी शासनाची परवानगी मिळवून तेथल्या १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विज्ञान शिकविण्याची एक नवी पद्धत सुरू केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुट्यांमध्ये तेथे येऊन शिक्षकांबरोबर बसत. पुढे हा उपक्रम संपूर्ण जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो सांभाळला, आणि २००२ साली सरकारी हुकुमाने तो बंद झाला. तीस वर्षे चाललेले हे काम बंद करण्यात केवढा ठेवा गमावला गेला, हे ज्यांनी त्या वर्गांतल्या वह्या पाहिल्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही.

'बाल वैज्ञानिक' या नावाची त्यांची पुस्तके होती. त्यांत प्रयोग कसा करावा ते सांगितलेले असे, प्रश्न असत, आणि उत्तरे नसत. ती मुलांनी टोळीटोळीने प्रयोग करून, आपसांत वाद घालून, आपल्या शब्दांत वहीत लिहावयाची. परीक्षेला ही वही आणि पुस्तक बरोबर नेण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई. ज्यांना परीक्षापद्धतीचे सामर्थ्य ठाऊक आहे त्यांच्या हे लक्षात येईल की, सगळ्या सुधारणेची किल्ली या एका तरतुदीत होती. कारण पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला पाठांतराचा प्रश्न विचारताच येत नाही, आणि प्रश्न काढणाऱ्यालाच विचार करावा लागतो.

त्यांच्या सहावीच्या पुस्तकातला मूळ आणि पान यांवरचा पाठ मला आदर्श वाटतो, आणि तो आपल्याकडे कोणत्याही शाळेत, एका पैशाच्या खर्चावाचून, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करता येतो. पाऊस झाला आहे, बांध ओला आहे, रोपे मुळासकट निघतात. मुलांच्या चार-पाच टोळ्या कराव्यात, प्रत्येकीजवळ एक खुरपे असावे, आणि ओढून मुळे तोडू नयेत, भोवतालची माती सैल करून रोप उचलावे, एवढी एकच सूचना द्यावी. तासाभरात वर्गाच्या जमिनीवर टाकळा, आघाडा, माठ, तूर, मूग, मका, बाजरी, कांदा आणि चार जातींची गवते पसरलेली असतात. मुळे धुऊन घेतल्यावर दिसते की काहींना एक जाड सोटमूळ आहे आणि त्याला फाटे फुटलेले आहेत, तर काहींच्या बुडाशी सारख्या जाडीच्या तंतूंचा झुबका आहे. मग पान उजेडासमोर धरावे. काहींत शिरांचे जाळे. काहींत शिरा बुडापासून टोकापर्यंत एकमेकींना न भेटता गेलेल्या. वहीत एक तक्ता आखावा: सोटमूळ व जाळीदार पान, सोटमूळ व समांतर शिरा, तंतुमूळ व जाळीदार पान, तंतुमूळ व समांतर शिरा, असे चार रकाने. प्रत्येक टोळी आपापली रोपे त्यांत लिहू लागली की थोड्या वेळाने वर्गात एक निराळीच कुजबूज सुरू होते. कारण पहिला आणि चौथा रकाना भरत जातो आणि मधले दोन रिकामे राहतात. शिक्षकाने या क्षणी तोंड मिटून बसावे. ज्याला आपण नियम म्हणतो तो कोणी सांगितला नाही. तो रिकाम्या रकान्यांतून वर आला आहे.

लगोलग एखादा हुशार मुलगा विचारतो की मग पान पाहूनच मूळ सांगता येईल काय. आणि त्याच्या पुढची पायरी अशी की, न उपटलेल्या रोपाचे मूळ आधी वहीत लिहावे आणि मग उपटून पडताळा घ्यावा. भाकीत करणे आणि त्याला कसोटीवर घासणे, हा शास्त्राचा गाभा असा मुलांच्या हाताला लागतो. दुसऱ्या दिवशी तूर, हरभरा, मका आणि ज्वारी भिजत घालून साल काढायला सांगावे: ज्यांची डाळ होते आणि ज्यांची होत नाही त्यांची पाने वेगळी निघतात.

परंतु पाठाची खरी गोडी त्यानंतर आहे. कोणीतरी परसातून अळू घेऊन येतो. त्याच्या पानात शिरांचे जाळे आहे, आणि गड्ड्याला तंतुमुळांचा झुबका! काल रिकामा राहिलेला रकाना आज भरला. कोकणातल्या शाळेत एखादी मुलगी उंडीचे पान आणील. ते जाड चकचकीत पान उजेडात धरले तर मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा इतक्या दाट आणि समांतर असतात की जाळे दिसतच नाही, आणि झाडाखालचे रोपटे उकरले तर सोटमूळ! शिक्षकाला येथे घाबरायचे कारण नाही. नियम खोटा ठरला की अळू चुकले, असा तंटा मुलांना मनसोक्त करू द्यावा, आणि मग सांगावे की वनस्पतिशास्त्रज्ञ अळूला मक्याच्या गटात, म्हणजे एकदल वनस्पतींत, आणि उंडीला द्विदलांत घालतात. ते केवळ शिरांवरून हा निवाडा करीत नाहीत, बी, खोड, फूल, सगळ्यांची साक्ष काढतात. एका लक्षणावर विसंबू नये हे मुलांना पटायला अळूचे एक पान पुरते.

होशंगाबादच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली, जिचे मला सर्वांत अधिक अप्रूप वाटते. सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र त्यांनी निर्माण केले आणि मुलांना सांगितले की, तुमच्या मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने कळवा. मुलांची पत्रे येत. आणि त्यांना उत्तरे जात. ज्या खेड्यातल्या मुलाच्या नावे आजवर कधी टपाल आले नव्हते, त्याच्या नावाचे पत्र पोस्टमन शाळेत आणून देई, आणि त्यात त्याच्याच प्रश्नाचा गंभीरपणे केलेला विचार असे. आपला प्रश्न कोणीतरी दप्तरी दाखल करून घेतला, त्यावर कोणी मोठे माणूस बसून विचार करीत होते, ही जाणीव मुलाला जे बळ देते ते बक्षिसाने येत नाही. आपल्या शाळांत प्रश्नपेट्या ठेवलेल्या असतात, परंतु पेटी उघडून, प्रश्न वहीत चढवून, मुलाला त्याच्या नावानिशी उत्तर देण्याची व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आढळते. उत्तर तरी कसे असावे? त्यात अर्धी माहिती असावी आणि अर्धे काम असावे.

घराचा विचार करताना पालक पहिल्याने उपकरणांची भाषा करू लागतात: दुर्बीण घ्यावी काय, सूक्ष्मदर्शक कोणता घ्यावा. ऐपत असेल तर जरूर घ्यावीत. परंतु एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा आणि खडू यांवर वर्षभराचे संशोधन घरच्या गच्चीवर होते, आणि त्यात शिकण्यासारखे इतके आहे की मी त्याचा तपशील येथे देतो.

काठी गच्चीवर ओळंब्याने अगदी उभी रोवावी, आणि सकाळी अकरापासून दुपारी दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करून घड्याळातली वेळ लिहावी. मुलाची समजूत अशी असते, आणि मोठ्यांचीही असते, की सूर्य माथ्यावर येतो तो बाराला. तेव्हा सर्वांत आखूड सावली बाराची निघेल. मुंबईत ती बाराला निघत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ती सुमारे १२ वाजून ५३ मिनिटांनी, आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ वाजून २२ मिनिटांनी निघते. घड्याळ चुकले म्हणावे तर रेडिओच्या वेळेशी ते जुळते आहे. या अडचणीत मुलाला एक-दोन दिवस राहू द्यावे, मग नकाशा पुढे ठेवावा. आपली घड्याळे ज्या रेखांशावर लावलेली आहेत तो ८२.५ अंशांचा रेखांश प्रयागजवळच्या मिर्झापूरच्या बाजूने जातो. मुंबई जवळजवळ पावणेदहा अंश पश्चिमेला. आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. गुणाकार मुलाने करावा: सुमारे ३९ मिनिटे. राहिलेला फरक, जो महिन्यागणिक पुढेमागे होतो, तो पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे; त्याचे स्पष्टीकरण दहाव्या वर्षी समजले नाही तरी चालेल, त्याची नोंद दहाव्या वर्षीही ठेवता येते.

येथून वाटा फुटतात. नागपूरला मावशी असेल तर तिकडच्या मावसभावाला त्याच दिवशी तसेच करायला सांगावे. त्याची आखूड सावली घड्याळात सुमारे २५ मिनिटे आधी निघते, आणि दोन मुलांना दोन गच्च्यांवरून पृथ्वी फिरताना दिसते. आजोबांना विचारावे, तर मुंबईत एके काळी स्वतःची निराळी वेळ होती असे ते सांगतील: भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून अमलात आली, तरी मुंबईची जुनी, ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत शहरात टिकून होती. गच्चीवर मोजलेली ३९ मिनिटे इतिहासात सापडली की मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो एकदा पाहिलेला पालक पुन्हा एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होणार नाही. डिसेंबरअखेर मध्यान्हीची सावली सुमारे ९२ सेंटीमीटर भरते. मेच्या मध्यास ती जवळजवळ नाहीशी होते, आणि मेअखेर ती दक्षिणेकडे पडू लागते. सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेलाच असतो, असे मानून चालणाऱ्या मोठ्या माणसांचाही त्या वेळी भ्रम दूर होतो.

ग्रंथांचा उपयोग या सगळ्यात कोठे येतो, असे कोणी विचारील. तो येतोच, परंतु निरीक्षणानंतर आणि निरीक्षणाच्या जोडीने. मराठीत या बाबतीत आपण दरिद्री नाही: केतकरांच्या ज्ञानकोशापासून वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशापर्यंत संदर्भाची मोठी परंपरा आपल्याजवळ आहे, आणि विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. पण कोशात कसे शोधावे हे शिकविणारी शाळा विरळा. 'सावली' या शब्दाखाली काही मिळाले नाही म्हणून मूल परत येते. 'छायायंत्र' पाहावे, 'रेखांश' पाहावे, 'पंचांग' पाहावे, एका नोंदीच्या शेवटी दिलेली दुसरी नोंद उघडावी, दोन ग्रंथांत दोन आकडे आढळले तर दोन्ही उतरून घ्यावेत आणि कोणता कधीचा ते लिहावे, ही सवय कोणी शेजारी बसून लावल्याखेरीज लागत नाही. महाजालावर तर ती अधिकच हवी. कारण तेथे उत्तर इतके लवकर मिळते की ते कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले, हे विचारायला मन थांबत नाही.

छापील ग्रंथांइतकाच मोलाचा दुसरा संदर्भसंग्रह प्रत्येक गावात असतो. शेताला 'मोटस्थळ' किंवा 'तळ्याचे वावर' असे नाव का पडले, हे पुस्तकात नाही. ते सात-बाराच्या उताऱ्यावर, गावनकाशावर आणि ऐंशी वर्षांच्या आजीच्या बोलण्यात आहे. मुलांनी तलाठ्याकडे रीतसर अर्ज करून नकाशा पाहावा, तीन म्हाताऱ्यांना निरनिराळ्या दिवशी एकच प्रश्न विचारावा, आणि तिघांच्या जबान्या जशाच्या तशा, आपल्या मताची भर न घालता, उतरून घ्याव्यात. दोघांचे म्हणणे जुळते आणि तिसऱ्याचे जुळत नाही, तेव्हा बहुमताने निकाल लावायचा नसतो. नकाशा काय सांगतो ते पाहायचे असते. इतिहासाचे संशोधन याहून वेगळे काय असते?

याच्या उलट, 'प्रकल्प' या नावाखाली आज घरोघरी जे चालते ते पाहून मन विषण्ण होते. दुकानात तयार तक्ते मिळतात, तयार चित्रे मिळतात, महाजालावरचा मजकूर उतरविला जातो, आई रात्री जागून कडा रंगविते, आणि मूल ते दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन देते. दोष आईचा नाही; ज्याने सुबकपणाला गुण द्यायचे ठरविले त्याचा आहे. चुरगळलेल्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले, दोन ठिकाणी खोडून पुन्हा मोजलेले, आणि शेवटी 'हे आम्हाला समजले नाही' असे नोंदविलेले काम शिक्षकाने वर्गासमोर धरून वाखाणले, तर एका सत्रात हा प्रकार ओसरू लागेल. खोडलेला आकडा खोडरबराने पुसू देऊ नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, म्हणजे चूक कोठे झाली हे मागाहून पाहता येते.

१९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला आहे. तेथे मुले गटाने, एका मार्गदर्शकाच्या साहाय्याने, आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घेतात, काही महिने त्यावर काम करतात, आणि जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांनी ते मांडतात. स्पर्धेचा ज्वर येथेही चढतो, आणि निवड झाली नाही म्हणून वही कपाटात फेकून देणारे गट मी पाहिले आहेत. ते टाळायचे असेल तर काम स्पर्धेच्या तारखेला न संपणारे निवडावे.

असे एक काम प्रत्येक गावात आहे, ते विहिरींचे. शाळेच्या वाटेवरच्या चार विहिरी निवडाव्यात, मालकांची परवानगी घ्यावी, आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी दोराला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मोजताना शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस काठाशी हजर असलेच पाहिजे, आणि मुलांनी कठड्यावर वाकू नये, ही अट कधीही सैल करू नये. दोराला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. दगड पाण्याला टेकल्याचे ऐकू येते, दोर हाताला किंचित हलका लागतो, आणि ओली झालेली लांबी वजा करावी लागते, हे मुलांना दुसऱ्या खेपेस आपोआप उमगते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम निरीक्षण विहिरींवर करीत असते, आणि मुलांचे आकडे त्यांच्या अहवालाशेजारी मांडून पाहता येतात. एका वर्षात फारसे काही कळणार नाही. पावसाळ्यानंतर पाणी वर आले आणि उन्हाळ्यात खाली गेले, एवढे तर मोजल्यावाचूनही ठाऊक होते. परंतु ओढ्याजवळची विहीर आधी का भरते, उसाच्या मळ्यातली फेब्रुवारीतच का तळ गाठते, नवी कूपनलिका झाल्यावर शेजारच्या विहिरीचे काय झाले, हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या आकड्यांतून उभे राहतात, आणि तोवर मोजणी सुरू करणारी मुले शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून ती वही कोणा एका मुलाच्या घरी राहू नये. तिला शाळेच्या दप्तरात क्रमांक द्यावा, पहिल्या पानावर विहिरींची नावे, दोराचे माप आणि मोजण्याची रीत लिहावी, आणि जूनमध्ये सातवीचा वर्ग बसला की गेल्या वर्षीच्या मुलांनी ती स्वतः येऊन, एकदा सोबत मोजणी करून दाखवून, नव्या वर्गाच्या ताब्यात द्यावी.